नोटेतली चिप आणि विज्ञानाचा वेश

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली आणि दोन हजारांची नवी नोट येणार हेही कळले. ही नोट बहुतेकांच्या हाती पडण्याआधीच तिच्याविषयीची एक बातमी घरोघर पोचली होती. नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' बसवली आहे; तिला बॅटरी लागत नाही; उपग्रहाकडून आलेला संदेश ती परत पाठवते; त्यामुळे नोट कोठे आहे ते कळते, आणि जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी ती सापडते! मोबाईलवरच्या निनावी संदेशांतून ही गोष्ट फिरली आणि काही मोठ्या हिंदी वृत्तवाहिन्यांनी ती गंभीर चेहऱ्याने, समजावून सांगत दाखवली.

रिझर्व्ह बँकेने नव्या नोटेची सुरक्षा-वैशिष्ट्ये जाहीर केली होती. रंग बदलणारा धागा, उजेडात धरल्यावर पूर्ण दिसणारा आकडा, नोट तिरकी केल्यावर उमटणारी प्रतिमा, असे सगळे त्या यादीत होते. चिप नव्हती. चिपची गोष्ट खरी नसल्याचे बँकेने सांगितलेही. पण तोवर ती गावोगाव पोचली होती.

आमगाव-गोंदियाच्या भागात नोव्हेंबर हा धानाचा हंगाम. हलके धान घरात आलेले, भारी धानाची कापणी चाललेली, आणि मजुरी बहुतेक रोखीची. अशा दिवसांत 'नोट वरून दिसते' ही बातमी केवळ करमणूक राहत नाही. काळा पैसा साठवणारा तिला घाबरो न घाबरो. तांदळाच्या कोठीत चार पैसे बाजूला ठेवणारी बाई मात्र घाबरू शकते. म्हणून या बातमीकडे हसून दुर्लक्ष करण्यापेक्षा तिची नीट तपासणी केलेली बरी.

बातमीची तपासणी

आधी बातमीच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू. बॅटरी नसलेली चिप असू शकते का? असू शकते. आज मोटारीच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग तसाच असतो. टोलनाक्यावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते, त्या लहरींतूनच टॅगला काम करण्यापुरती ऊर्जा मिळते आणि तो आपली ओळख परत कळवतो. तेव्हा ऐकणारा मूर्ख होता असे म्हणता येणार नाही. गोष्टीचा एक पाय जमिनीवर होता.

दुसरा पाय मात्र अधांतरी होता. फास्टॅग वाचणारे यंत्र त्याच्यापासून काही मीटरांवर असते. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्या प्रक्षेपणाची शक्ती काही दशक वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. जमिनीवर पोचेपर्यंत हा संदेश इतका क्षीण होतो, की एका वॅटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, साधारण तेवढीच शक्ती घेणाऱ्या यंत्राच्या वाट्याला येते. ६६ मिलिमीटर रुंद आणि १६६ मिलिमीटर लांब कागदाने हा संदेश परतवायचा, आणि तो पुन्हा २०,००० किलोमीटर वर जाऊन ओळखू यायचा! शिवाय आपल्या मोबाईलमधली जीपीएस यंत्रणा उपग्रहाला काही कळवत नाही. ती फक्त ऐकते आणि आपली जागा स्वतः मोजते. ती जागा दुसऱ्याला कळते ती मोबाईलच्या जाळ्यातून, आणि त्यासाठी बॅटरी लागतेच.

राहिली १२० मीटर खोलीची गोष्ट. या लहरी ओल्या मातीच्या काही हात जाडीच्या थरातच विरतात. स्लॅबच्या घरात आतल्या खोलीत गेले की जीपीएस अडखळते, लोखंडी कपाटात तर लहरी जवळजवळ शिरतच नाहीत. थोडक्यात, किती अंतर, किती शक्ती आणि मध्ये काय आड येते, हे तीन प्रश्न विचारताच बातमी कोसळते. या तिन्ही प्रश्नांना लागणारे विज्ञान शाळेतलेच आहे. वृत्तवाहिन्यांकडे साधने होती, माणसे होती, अभियांत्रिकीच्या एखाद्या प्राध्यापकाला फोन करण्यापुरता वेळही होता. त्यांनी हे तीन प्रश्न विचारले नाहीत, हा त्यांचा खरा दोष.

वेश बदलला

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीने दूध प्यायल्याचे वाचकांना आठवत असेल, किंवा त्यांनी ऐकले असेल. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी पृष्ठताण आणि मूर्तीवरून खाली ओघळणारी दुधाची पातळ धार समजावून सांगितली. दुधात रंग मिसळला की ते कोठे जाते हे डोळ्यांना दिसे. तो भ्रम श्रद्धेच्या वेशात आला होता आणि त्या वेशातल्या भ्रमाला कसे सामोरे जावे याचा आपल्याला थोडाफार सराव होता.

२०१६ चा भ्रम विज्ञानाच्या वेशात आला. नॅनो, जीपीएस, उपग्रह, सिग्नल हे सगळे शब्द आपल्या बाजूचे. एरवी चमत्कार नाकारणाऱ्यांचीही मान येथे सहज डोलू शकते, कारण विज्ञानाच्या नावाने सांगितले की प्रश्न विचारणे हेच मागासपणाचे वाटू लागते. गंमत अशी, की त्याच नोटेच्या मागल्या बाजूवर मंगळयानाचे चित्र होते. हिशेब आणि चाचण्या यांतून उभे राहिलेले ते काम आपण नोटेवर नुसते पाहिले, आणि नोटेत नसलेल्या चिपवर विश्वास ठेवला.

या फसण्यात शिक्षणाची कमतरता एवढेच कारण नसते. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटी तोडताना दाखवले होते. स्पॅगेटी म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लांब शेवया. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचे होते, आणि त्यांच्या आवाजावर लोकांचा विश्वास होता. अनेकांनी बीबीसीला फोन केले. काहींना स्पॅगेटीचे झाड कसे लावावे हे हवे होते. त्या काळी ब्रिटनमध्ये हा पदार्थ फारसा परिचयाचा नव्हता. आमगावात कोणी 'धान झाडाला लागते' असे सांगितले तर पहिलीतले पोरही हसेल, कारण ते बांधीत चिखल तुडवून आलेले असते. हाताचा अनुभव संपतो तेथून भोळेपणाची हद्द सुरू होते, आणि ती प्रत्येकाची असते. धान ओळखणारा चिपला फसतो, चिप ओळखणारा औषधाच्या जाहिरातीला.

आपल्या फळ्याकडे पाहू

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. त्या बातमीची घडण आपल्या धड्यासारखीच होती. अधिकारवाणीने बोलणारा माणूस, दोन-चार अवघड शब्द, एक आकृती, शेवटी एक आश्चर्यकारक निष्कर्ष. आणि 'हे कशावरून?' या प्रश्नाला जागा नाही. 'उपग्रहाचे उपयोग सांगा' या प्रश्नाला चार मुद्दे लिहून पूर्ण गुण मिळतात. उपग्रह किती उंच आहे, तेथून संदेश यायला किती शक्ती लागेल, याचा अंदाज करायला कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे असे शिकलेला विद्यार्थी मोठेपणी पडद्यावरचे चार मुद्दे तसेच मान्य करतो, तेव्हा तो आपल्या शिकवण्याशी प्रामाणिकच राहिलेला असतो.

फसलेल्यांच्या गोष्टी सांगतानाही आपण हेच करतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य सादर केले आणि सारी अमेरिका रस्त्यावर आली, असे भाषणांतून हमखास सांगितले जाते. काही श्रोते घाबरले हे खरे. पण त्या रात्री एका संस्थेने फोन करून श्रोत्यांची पाहणी केली, तेव्हा विचारलेल्यांपैकी जेमतेम दोन टक्के लोक तो कार्यक्रम ऐकत होते. देशभरच्या घबराटीचे चित्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी बरेच फुगवले, आणि नभोवाणी तेव्हा वृत्तपत्रांची स्पर्धक होती. म्हणजे भोळेपणाचे उदाहरण म्हणून आपण जी गोष्ट सांगतो, तीच न तपासता पुढे जात आली आहे.

न तपासता पुढे पाठवण्याची सवय किती महाग पडते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. नोटेतल्या चिपने कोणाचा जीव गेला नसेल, पण दोन्हींच्या मागची सवय एकच आहे. पडद्यावर आले, ओळखीच्याने पाठवले, मग खरेच असेल.

वर्गात काय करता येईल?

उपकरणांची गरज नाही. एक मोबाईल अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये दोन-तीन पदरी गुंडाळावा आणि त्यावर फोन लावून पाहावा. नंतर तोच स्टीलच्या डब्यात ठेवून पाहावा. कधी घंटी वाजेल, कधी वाजणार नाही. वाजली तर फट कोठे राहिली हे मुलांना शोधू द्यावे. उत्तर घाईने सांगू नये. मग चिपची बातमी फळ्यावर लिहून विचारावे: ऊर्जा कोठून येते? अंतर किती? मध्ये काय आहे? हे सांगणाऱ्याला कसे कळले? आणि ही बातमी खोटी असती तर काय वेगळे दिसले असते? महिन्यातून एकदा, मुलांनीच आणलेल्या एखाद्या संदेशावर असा तास घ्यावा. त्यात कधीतरी एखादा संदेश खराही निघू द्यावा. प्रत्येक गोष्ट खोटी म्हणणे हाही आळसच आहे.

हेच प्रश्न मुलांनी आपल्या पाठ्यपुस्तकाला आणि आपल्यालाही विचारले, तर त्यांना गप्प करू नये. तेथे गप्प बसायला शिकलेले मूल पडद्यापुढेही गप्प बसते.

१९ मे २०२३ रोजी दोन हजारांची नोट चलनातून मागे घेत असल्याची घोषणा झाली. नोटा कोठे आहेत हे सांगायला कोणताही उपग्रह पुढे आला नाही. लोकांनीच त्या बँकेत आणून दिल्या आणि बँकेने त्या मोजून घेतल्या.