गुण मिळाले, पण टन किती घटले?

अंतरवाली सराटीसारखी ग्रामपंचायत असो की तालुक्याची अंबड नगरपरिषद, हवामानासाठी राज्याने समोर ठेवलेली चौकट ‘माझी वसुंधरा’ अभियानाची. २०२० साली सुरू झालेलं हे अभियान पंचमहाभूतांवर उभं आहे. झाडं लावली, एलईडी बसवले, कचरा वेगळा केला, की गुण. चांगलंच आहे. पण यावर प्रबंध लिहायला बसाल, तर पहिल्याच दिवशी अडाल. गुण म्हणजे टन नव्हेत.

मुंबईचा २०२२चा हवामान कृती आराखडा उघडून बघा. आधी २०१९चा हिशेब, सुमारे २.३४ कोटी टन. मग २०५०चं निव्वळ शून्याचं उद्दिष्ट. ते गाठतील का, शंकाच आहे. पण आकडा आहे म्हणून निदान भांडता तरी येतं.

लहान गावाची खरी गोम हद्दीत आहे. पाण्याचा पंप गावात चालतो, धूर निघतो परळीसारख्या औष्णिक केंद्रात. तो कुणाच्या खात्यावर मांडायचा? आणि गोठ्यातला मिथेन? तेव्हा ‘उत्सर्जन घटलं’ असं आराखड्यात लगेच लिहू नका. आधी ग्रामपंचायतीकडे पंपाची आणि पथदिव्यांची मागच्या तीन वर्षांची वीजबिलं मागा.