डीजे-१, पीटेन आणि एकेटी : एका आकृतीची चिकित्सा

पार्किन्सन, म्हणजेच कंपवाताच्या जनुकांवरील टिपणे वाचताना तुम्हाला एक आकृती वारंवार भेटेल. डीजे-१ हे प्रथिन पीटेनला रोखते, पीटेन एकेटीला रोखते आणि एकेटी पेशीला जगवते. म्हणून डीजे-१चे जनुक बिघडले की पीटेन मोकळे सुटते, एकेटी मंदावते आणि डोपामिन तयार करणारी चेतापेशी मरते. परीक्षेत ही आकृती काढली की गुण मिळतात. हरकत आहे ती तिच्यातल्या शेवटच्या पायरीला.

आकृतीचा मधला भाग पक्का आहे. पेशीपटलातील पीआयपी-२ या मेदरेणूवर पीआय-३ कायनेज फॉस्फेट चढवून पीआयपी-३ बनवते, पीटेन तो उतरवते. पीआयपी-३ घटले की एकेटी पटलापाशी येऊन क्रियाशील होत नाही आणि पेशीला मृत्यूकडे ढकलणाऱ्या बॅडसारख्या प्रथिनांवरचा लगाम सुटतो. याबद्दल वाद नाही.

आता पहिली रेघ पाहा. ती २००५ साली फळमाशीवरील जनुकीय चाळणीतून आली. त्याच शोधनिबंधात सस्तन पेशींमध्ये डीजे-१ वाढवले असता एकेटीचे फॉस्फोरायलेशन वाढलेले दिसले, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २३ पैकी १९ नमुन्यांत डीजे-१ शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा जास्त आढळले. म्हणजे पुराव्याचा मोठा भाग कर्करोगाचा आहे! यात नवल नाही. १९९७ साली डीजे-१ची ओळख झाली ती कर्कजनुक म्हणूनच. कंपवाताशी नाते २००३ साली कळले. (पिंक-१ च्या नावातही पीटेन लपलेले आहे, तेही असेच कर्करोगाच्या संशोधनातून.)

विभाजन पावणारी गाठीतली पेशी आणि आयुष्यभर न विभागणारी चेतापेशी यांना एकच नियम लावायचा तर चेतापेशीतला पुरावा हवा. फळमाशीत तो काही प्रमाणात मिळाला. पण डीजे-१ काढून टाकलेल्या उंदरांत, बहुतेक अभ्यासांनुसार, कृष्णद्रव्यातील डोपामिन पेशी मरत नाहीत. शिवाय डीजे-१, पीटेन आणि एकेटी शरीरात जवळपास सर्वत्र असतात. मग नेमक्या याच पेशी का मरतात? आकृती यावर गप्प आहे.

मला २०१० सालचे काम अधिक बोलके वाटते. कृष्णद्रव्यातील या पेशी स्वतःहून ठरावीक लयीत स्पंद देत राहतात. प्रत्येक स्पंदासोबत कॅल्शियम आत शिरते आणि तंतुकणिकांवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. डीजे-१ नसलेल्या उंदरांत हा ताण वाढलेला दिसला. येथे पेशीचा स्वतःचा स्वभाव हिशेबात आला, जो एकेटीच्या रेघेत कुठेच नाही. पेशी मरतातच असे मात्र यातूनही सिद्ध होत नाही.

ही केवळ वर्गातली बाब नव्हे. आकृती जशीच्या तशी खरी मानली तर 'एकेटी वाढवा' हाच उपचार ठरतो. पण पीटेन हे गाठींना आवर घालणारे प्रथिन आहे. त्याला दीर्घकाळ दाबणारे औषध वयस्क रुग्णाला देताना कोणता धोका पत्करावा लागेल, हे तुम्हीच त्या २३ नमुन्यांवरून ताडा.

उत्तरपत्रिकेत आकृती जरूर काढा. फक्त प्रत्येक रेघेशेजारी लहान अक्षरांत लिहा: फळमाशी, संवर्धित पेशी, गाठीचा नमुना की उंदीर.