ड्रायडनचा औरंगजेब आणि ‘इराणी पंथ’

ड्रायडनच्या ‘औरंगजेब’ या नाटकाविषयी लिहिताना डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७७९ मध्ये एक मार्मिक शेरा मारला आहे. नाटकाचा नायक त्या काळी राज्यावर असलेला एक बलाढ्य बादशहा होता हे खरे; परंतु ज्या राष्ट्रांवर तो राज्य करीत होता तेथील समीक्षक इंग्रजी रंगभूमीची दखल घेतील असा फारसा संभव नव्हता, असा त्या शेऱ्याचा आशय. जॉन्सनची ही निश्चिंती आता टिकण्यासारखी नाही. ज्या मुलखात या नायकाने सुभेदारीची वर्षे काढली आणि जेथे खुलताबादेत त्याची कबर आहे, त्या मराठवाड्यातून हे नाटक वाचू लागले की इंग्रजी समीक्षेने ओलांडून टाकलेल्या काही जागा ठळक होतात.

या नाटकासंबंधी आपल्याकडील अभ्यासकांसमोर दोन तयार वाटा असतात. एक, एडवर्ड सैदच्या ‘ओरिएंटॅलिझम’ने (१९७८) आखून दिलेली : पौर्वात्य पात्र दिसले की त्यात साम्राज्याची दृष्टी शोधायची. दुसरी वाट अधिक मोहाची. वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मधील औरंगजेब ज्याच्या मनात ठसलेला आहे, त्याला ड्रायडनचा पितृभक्त, संयमी औरंगजेब भेटला की इंग्रज नाटककाराने मुसलमान राजाला न्याय दिला असे वाटू लागते. माझ्या मते या दोन्ही वाटा चुकतात, कारण ड्रायडनच्या नाटकात इस्लाम जवळजवळ नाहीच.

हे ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १५८७-८८ च्या सुमारास मार्लोचा टॅम्बरलेन रंगमंचावर कुराण जाळतो. हे दृश्य धक्कादायक आहे. पण तेथे धर्म हा नाट्यव्यापाराचा विषय आहे, त्याच्याशी झुंज आहे. डे, राऊली आणि विल्किन्स यांच्या ‘द ट्रॅव्हल्स ऑफ द थ्री इंग्लिश ब्रदर्स’ (१६०७) या नाटकात शर्ली बंधू शहा अब्बासच्या दरबारी जातात. नाटक सुमार आहे. तरीही त्यातील इराणी ‘मॉर्टस अली’चे नाव घेतात आणि तुर्कांशी त्यांचे वैर पंथभेदाशी जोडलेले आहे. हा मॉर्टस म्हणजे मुर्तजा; मोहरमच्या सवाऱ्या पाहत वाढलेल्या नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्याला तो ओळखण्यास टीप लागू नये. नाव बिघडलेले आहे, माहिती ऐकीव आहे, शेवटी शहा स्वतः एका ख्रिस्ती बालकाचा धर्मपिता होतो ही तर निव्वळ इच्छापूर्ती आहे. पण तुर्क आणि इराणी हे एकच ‘अन्य’ नव्हेत, एवढे या नाटकाला पक्के ठाऊक आहे. तुर्कांविरुद्ध इराणचे साह्य मिळवू पाहणाऱ्या आणि तेव्हा दुबळ्या असलेल्या युरोपीय राजकारणाची ती गरज होती. सैदची चौकट येथे लावताना साम्राज्य सुमारे दीडशे वर्षे अलीकडे ओढावे लागते.

ड्रायडनजवळ याहून कितीतरी चांगली सामग्री होती. फ्रान्स्वा बर्निये मोगल दरबारात वर्षानुवर्षे राहिलेला. त्याचा ग्रंथ १६७१ मध्ये इंग्रजीत आला. शुजाने इराणी उमरावांचा पाठिंबा मिळवण्यासाठी शिया पंथ स्वीकारल्याचे आणि दारावर धर्मद्रोहाचा आरोप झाल्याचे बर्निये सांगतो. नोव्हेंबर १६७५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात यातले काय उरले? पहिल्या अंकात वारसांची झाडाझडती चालली असताना शुजासाठी दोन द्विपदी खर्ची पडतात : तो शूर आहे, पण इराणी पंथाचा कट्टर अनुयायी आहे आणि परक्यांच्या बळावर राज्य मागतो. त्यानंतर शुजा रंगमंचावर येतच नाही.

या ओळी लंडनच्या प्रेक्षकाने कशा ऐकल्या असतील हे उघड आहे. १६७३ च्या टेस्ट अ‍ॅक्टनंतर राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क कॅथलिक असल्याचे जगजाहीर झाले होते. परक्या पंथाचा, परक्या सत्तेकडे पाहणारा वारस म्हणजे कोण, हे सांगण्याची गरज नव्हती. ‘इराणी पंथ’ हा शब्द येथे इराणविषयी काहीच बोलत नाही. तो इंग्लंडच्या वारसाप्रश्नाचा मुखवटा आहे. (ज्याने या ओळी लिहिल्या तो पुढे स्वतःच कॅथलिक झाला, ही त्यातली गंमत.)

दख्खनेत मात्र हाच शब्द मुखवटा नव्हता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने इराणहून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाखाली १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. गोवळकोंड्याच्या खुतब्यात इराणच्या शहाचे नाव घेतले जाई. ते वगळण्याची अट शहाजहानने १६३६ च्या तहात घातली. त्याच वर्षी उदगीर आणि औसा हे किल्ले मोगलांकडे गेले आणि औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर आला. म्हणजे ज्या प्रश्नाला ड्रायडन दोन द्विपदींत निकालात काढतो, तो त्याच्या नायकाच्या कारकिर्दीच्या आरंभीच उभा होता. या दख्खनेला नाटकात स्थान नाही. सारे आग्र्यात घडते आणि बापाला कैदेत टाकणारा पुत्र तेथे बापासाठी लढतो.

रिकाम्या झालेल्या जागी काय येते ते शेवटच्या अंकात दिसते. मोरातची पत्नी मेलेसिंडा पतीच्या चितेवर जाण्यास निघते. मोगल शहजाद्याला चिता आणि त्याच्या बेगमेला सहगमन! बर्नियेने सती ही हिंदूंची चाल म्हणून सविस्तर वर्णिली आहे, तेव्हा येथे अज्ञानाची सबब चालत नाही. ड्रायडनला पातिव्रत्याचे एक भव्य दृश्य हवे होते आणि ते कोणत्या धर्मातून उचलले याने त्याच्या नाटकात काही बिघडत नव्हते. १६०७ च्या नाटककारांना अलीचे नाव धड उच्चारता येत नव्हते, पण ते नाव कोणाचे हे माहीत होते. १६७५ मध्ये ज्ञान वाढले आणि भेद पुसला गेला.

ना. सं. इनामदारांनी ‘शहेनशहा’त (१९७०) औरंगजेबाला माणूस म्हणून पाहिले तेव्हा त्याचा धर्म बाजूला ठेवून चालणार नव्हते. आमच्या वर्गात ड्रायडनच्या नाटकाची तुलना व्हायची तर ती अशा कृतीशी व्हावी. आणि शुजाच्या त्या द्विपदींवर मराठीत टीप लिहायची झाल्यास टेस्ट अ‍ॅक्टच्या शेजारी गोवळकोंड्याचा तह नोंदवावा लागेल.