कंसातली जात

अलीकडे एका विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात संशोधक विद्यार्थ्यांची दोन दिवसांची परिषद झाली. विषय होता फिनॉमेनॉलॉजी. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे निबंध वाचणार होता, म्हणून गेलो. तिथे जे ऐकले आणि जे ऐकूनही मी गप्प बसलो, त्याचा हिशेब इथे मांडतो आहे. हा प्रश्न एका परिषदेपुरता नाही. दलित साहित्याच्या समीक्षेत 'अनुभव' हा शब्द आपण गेली पन्नास-साठ वर्षे वापरत आलो आहोत. त्या शब्दाचे शास्त्र जिथे शिकवले जाते, तिथे आपल्या अनुभवाचे काय होते, हे पाहणे आपले काम आहे.

फिनॉमेनॉलॉजी हा शब्द जड आहे, पण त्यामागची भूमिका अवघड नाही. एखाद्या गोष्टीविषयी आपण जे ऐकले, शिकलो, गृहीत धरले, ते तात्पुरते दूर ठेवायचे आणि ती गोष्ट प्रत्यक्ष अनुभवात कशी येते याचे काटेकोर वर्णन करायचे. एडमंड हुसेर्लने १९०० सालापासून ही पद्धत उभी केली. जग आहेच, जसे दिसते तसेच आहे, ही आपली रोजची समजूत त्याने 'कंसात' ठेवायला सांगितली. कंसात ठेवणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. गणितात कंसातली संख्या नाहीशी होत नाही. तिच्याकडे वेगळे पाहता यावे म्हणून तिला कंस घातलेला असतो.

परिषदेत या कंसाचा उपयोग नेमका उलटा झाला. एका संशोधकाने शरीराच्या अनुभवावर निबंध वाचला. मर्लो-पाँतीचा १९४५ चा ग्रंथ त्याने बारकाईने वाचला होता, हे मान्य केले पाहिजे. उजव्या हाताने डावा हात धरला, तर कोणता हात स्पर्श करतो आणि कोणत्या हाताला स्पर्श होतो? स्पर्श करणारा स्वतःही स्पर्शिला जातो, हा त्याचा मुद्दा. श्रोत्यांतून एका मुलीने विचारले, "मग ज्या समाजात काही माणसांचा स्पर्श निषिद्ध ठरवला गेला, तिथे या वर्णनाचे काय करायचे?" उत्तर आले, "तो सामाजिक प्रश्न आहे. इथे आपण तो कंसात ठेवू." सभागृहाने मान डोलावली. हुसेर्लचा कंस तिथे केराची टोपली झाला.

दुपारी माझ्या विद्यार्थ्याचा निबंध होता. विषय होता कपबशी. त्याच्या आजोबांसाठी पाटलाच्या वाड्यात वळचणीला एक कपबशी खोचून ठेवलेली असे. आजोबांनी ती स्वतः काढायची, विसळायची, पुढे धरायची. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की पुन्हा विसळून तिथेच खोचायची. हे वर्णन त्याने तपशिलाने केले होते. कप पुढे धरताना हात किती लांब करायचा, हे आजोबांच्या हाताला ठाऊक होते. ओतणाऱ्याची नजर कपावर असे, माणसावर नसे. अध्यक्षांनी शेवटी प्रेमानेच म्हटले, "अनुभव हृद्य आहे. पण यात तत्त्वज्ञान कुठे आहे?"

सकाळच्याच सत्रात हायडेगरच्या हातोड्यावर एक निबंध झाला होता. हातोडा चालत असतो तोवर सुताराचे त्याच्याकडे लक्ष नसते. तो मोडला की मग 'वस्तू' म्हणून समोर येतो, हे १९२७ च्या 'बीइंग अँड टाइम' मधले प्रसिद्ध विवेचन. त्या वेळी तत्त्वज्ञान कुठे आहे, असे कुणी विचारले नाही. हातोडा जर्मन असला की तत्त्वज्ञान, कप आमचा असला की आत्मकथन! हे मी त्या सभागृहात उठून बोलायला हवे होते. बोललो नाही. आपला विषय नाही, आपली इंग्रजी तोकडी, या जुन्या भीतीने मला खुर्चीत दाबून ठेवले. ती भीतीही एक अनुभवच आहे. तीही कंसात ठेवून पाहावी लागेल.

हातोड्याचे ते विवेचन खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे. ज्याच्या हाती जग मुकाट्याने चालते, त्याचे ते वर्णन आहे. ज्याला विहिरीवर कधी कुणी अडवले नाही, त्याला विहीर दिसतच नाही. त्याला फक्त पाणी मिळते. ज्याला अडवले गेले त्याला विहीर, रहाट, काठ, काठावरची माणसे आणि त्यांचे डोळे, सगळे एकदम दिसते. आपल्या माणसांच्या वाट्याला जग पिढ्यान्‌पिढ्या मोडक्या हातोड्यासारखेच आले. म्हणून ते आपल्याला अधिक दिसले. ही आपली थोरवी म्हणून मी सांगत नाही, ती आपल्यावर लादलेली जाग आहे. पण तत्त्वज्ञानाला ती जाग उपयोगी पडत नसेल, तर उणीव तत्त्वज्ञानाची आहे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनातला १९०१ चा प्रसंग घ्या. लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर घ्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशीला आला. मुलांनी महार असल्याचे सांगितले आणि त्याचा चेहरा पालटला. फलाट तोच, कपडे तेच, मुले तीच. एका शब्दाने सगळ्याचा अर्थ फिरला. पुढे दुप्पट भाड्याची बैलगाडी मिळाली तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. डोळ्यांना दिसणारे पाणी आणि पिता येणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगाइतके उघड कुठे होते?

फ्रान्समध्ये फ्रान्झ फॅनॉनने १९५२ साली हाच धागा धरला. आगगाडीत एक गोरे मूल त्याच्याकडे बोट दाखवून घाबरते आणि त्याच क्षणी त्याचे शरीर त्याचे राहत नाही, काळ्या वंशाच्या साऱ्या इतिहासाचे होते. शरीराविषयीच्या तत्कालीन सिद्धान्तात हा इतिहास नव्हता. फॅनॉनने तो घातला आणि सिद्धान्तच बदलावा लागला. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेतही रेल्वेचीच नोकरी आहे आणि जात कळताच माणसाचा माणूसपणा हिरावला जाणे आहे. फॅनॉनचे रंग लपवता न येणारे शरीर आणि बागुलांचे जात लपवून वावरणारे शरीर यांत फरक आहे. काळ्या माणसाला बघणारी नजर डोळ्यांतून येते. जातीची नजर आधी आडनाव विचारते. या फरकाचे वर्णन मसूरच्या फलाटापासून सुरू करता येईल.

आपल्याकडे हे काम कुणी केलेच नाही असे नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ साली, भारतीय समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडणारे एका बाजूला आणि अनुभव पुरवणारे दुसऱ्या बाजूला, अशी वर्णव्यवस्थाच आहे हे दाखवले. सुंदर सरुक्काई यांनी २००९ साली अस्पृश्यतेचे फिनॉमेनॉलॉजीच्या अंगाने विवेचन केले आणि अस्पृश्यतेचे मूळ ठिकाण शिवला न जाणाऱ्याच्या शरीरात नसून शिवू न देणाऱ्याच्या सोवळ्यात आहे, असा युक्तिवाद केला. दोघांचा वाद 'द क्रॅक्ड मिरर' या २०१२ च्या ग्रंथात आहे. त्या परिषदेत या ग्रंथाचा उल्लेख दोन दिवसांत एकदाही झाला नाही.

फिनॉमेनॉलॉजीचा स्वतःचा इतिहासही तिथे कंसात गेला. हुसेर्ल जन्माने ज्यू. १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी राजवटीच्या हुकुमाने त्याला सक्तीच्या रजेवर ठेवले गेले. त्याच महिन्यात त्याचा शिष्य हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि मे महिन्यात नाझी पक्षात गेला. 'बीइंग अँड टाइम' हुसेर्लला अर्पण होते. १९४१ च्या आवृत्तीत ती अर्पणपत्रिका उरली नाही. हुसेर्लचे शेवटचे मोठे लेखन, युरोपीय विज्ञानांच्या संकटावरचे, १९३६ साली जर्मनीत नव्हे तर बेलग्रेडमध्ये छापले गेले. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि त्यांनी ते 'अॅनाहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वतः छापले. जन्मावरून माणसाला सभागृहाबाहेर काढण्याची गोष्ट या तत्त्वज्ञानाच्या जनकाला परकी नव्हती. त्याच्या वारसांना मात्र ती परकी वाटते!

आता थोडे आपल्याविषयी. माझ्या विद्यार्थ्याच्या निबंधाचा पूर्वार्ध कसदार होता. उत्तरार्धात त्याने वर्णन सोडले आणि तो 'आम्ही भोगले आहे' यावर येऊन थांबला. अध्यक्षांना तेवढी फट पुरली. भोगणे हा बोलण्याचा अधिकार देते. ते विचार करण्याची सूट देत नाही. आपल्या समीक्षेनेही अनुभवाच्या अस्सलपणाचा दाखला पाहून अनेकदा पुस्तकावर शिक्का मारला आणि पुढचे कष्ट टाळले. तो वळचणीचा कप आजोबांनी कसा धरला हे तो सांगू शकला. घरात दुसरा कप असूनही पाटलाला वेगळा कप का लागत होता, ओतताना त्याचा हात का आखडत होता, हेही त्याने लिहायला हवे होते. आपण आजवर स्वतःचेच वर्णन करत आलो. आता शिवू न देणाऱ्या हाताचेही वर्णन आपल्यालाच करावे लागणार आहे, कारण तो हात स्वतःकडे पाहायला तयार नाही.

परतीच्या एस.टी.त विद्यार्थी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "सर, निबंध फाडून टाकू का?" मी म्हटले, "फाडू नको. उत्तरार्ध पुन्हा लिही." त्याने तो लिहायला घेतला आहे. पुढच्या परिषदेत तो वाचील तेव्हा मी श्रोत्यांत असेन, आणि या वेळी गप्प बसणार नाही.