नावांना जागा नाही म्हणणारी भिंत



आपण कवितेची समीक्षा करतो, आत्मकथनाची करतो. या खेपेला मी एका भिंतीची करणार आहे. भिंतीवरही मजकूर असतो. तो कुणीतरी लिहिलेला असतो आणि कुणालातरी वगळून लिहिलेला असतो.

मुंबईत कुलाब्याला सेंट जॉनचं चर्च आहे. सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. 1838 ते 1843 या काळात सिंध-अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या कंपनीच्या फौजेचं हे स्मारक. 1847 ला पाया घातला, 1858 ला प्रार्थना सुरू झाली, 1865 ला मनोरा पुरा झाला. मनोऱ्याची उंची 198 फूट.

मी आत गेलो. वास्तू देखणी आहे, खोटं कशाला बोला. रंगीत काचांतून उजेड खाली येतो आणि आपण आपोआप हळू बोलायला लागतो. प्रस्थापितांच्या सौंदर्याचं हे एक कामच असतं. विचारणाऱ्याचा आवाज ते आधी खाली आणतं.

पण भिंतीवरचा लेख मी दोनदा वाचला. मेलेल्या अंमलदारांची नावं कोरलीत. पुढं म्हटलंय की हवालदार-नाईक आणि साधे शिपाई यांच्याही स्मरणार्थ हे चर्च आहे, पण ते इतके आहेत की त्यांची नावं अशी नोंदता येत नाहीत.

काय वाक्य आहे! जे जास्त मेले त्यांची नावं नाहीत, आणि का नाहीत, तर ते जास्त मेले! 198 फुटांचा मनोरा चढवायला दगड मिळाला. नावं कोरायला तेवढा मिळाला नाही.

नावं नसलेल्यांत गोरा शिपाईही आहे, हे मान्य. पण गोऱ्याला अंमलदार होण्याची वाट होती. आपल्या माणसाची धाव सुभेदारीपर्यंत, आणि त्या सुभेदारानंही कालच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पोराला सलाम ठोकायचा. त्या काळच्या बॉम्बे आर्मीच्या पायदळात महार मोठ्या संख्येनं होते. अफगाणांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं? पोटासाठी गेले. गावात सावली विटाळणारी होती, फौजेत निदान अंगावर वर्दी होती.

त्यांच्याही खाली आणखी एक पायरी आहे. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून फौज माघारी निघाली, तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास शिपाई होते आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. पाणके, घसारे, डोलीवाले, बायका, पोरं. बर्फात आणि गोळ्यांत जवळजवळ सगळं संपलं. चर्चच्या त्या वाक्यात 'नावं लिहिता येत नाहीत' असं म्हणण्यापुरतीही त्यांना जागा नाही. आणि आपल्या मराठीनं तर 'बाजारबुणगे' ही शिवीच करून टाकली.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. मग कोरेगावला या. 1 जानेवारी 1818 ची लढाई, 1821 साली स्तंभाची पायाभरणी. त्याच कंपनीनं त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली. 49 नावं. त्यांतली 22 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महारांची. बाकीची इतर जातीधर्मांची. म्हणजे कोरता येत होतं. कोरेगावला साहेबाला आपला जय आणि शिपायाची निष्ठा मिरवायची होती, म्हणून नावं आली. अफगाणिस्तानात नाक कापलं गेलं होतं. दगड साहेबाच्या सोयीनं बोलतो.

कोरलेल्या नावांनी पोट भरलं का? तेही नाही. 1892 च्या सुमारास त्याच सरकारनं महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर शिपायाला 1894 साली अर्ज लिहावा लागला. साहेबानं आपल्याच दगडावरची नावं वाचली नव्हती. ती खऱ्या अर्थानं वाचली सुभेदार रामजींच्या मुलानं, 1 जानेवारी 1927 ला तिथं जाऊन. त्या दिवसापासून साहेबाचा दगड आपला झाला.

आता आपल्याच घरात बोट घालतो, रागावू नका. दरवर्षी आपण कोरेगावला जातो, माईकवर 'पाचशे महार' म्हणून गरजतो. पण ती बावीस नावं? न बघता पाच सांगा. मला विचारलं तेव्हा मला दोन आली आणि मान खाली गेली. रमाबाईनगरात 11 जुलै 1997 ला गोळीबार झाला. आपण 'रमाबाईनगरचे दहा' म्हणतो. दहा कोण? आकडा म्हणजे 'नावं लिहिता येत नाहीत'चंच भावंड, फक्त ते आपल्या तोंडी आहे.

म्हणून सुचवतो. पुढच्या सभेत भाषणं दोन कमी करा आणि नावं वाचा, सगळी. वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून फौजेत, गिरणीत, गटारात गेलेल्यांची नावं वहीत उतरवून घ्या. त्याला 198 फूट दगड लागत नाही. एक वही लागते, आणि बसून ऐकायची तयारी.

जयभीम.