फळं आली, धान्य कुठे आहे?

मे महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही टॅपरूममध्ये शिरलं की फळ्यावर हापूस असतो. पाऊस सुरू झाला की जांभूळ येतं, कोकम तर वर्षभर कुठे ना कुठे असतंच, आणि थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. परवाच्या हिवाळ्यात मुंढव्याच्या बाजूला एका बिअर महोत्सवाला गेलो होतो. तिथे नळ मोजले, तर निम्म्याहून जास्त नळांवर कुठलं ना कुठलं फळ होतं. ज्वारी एकाही नळावर नव्हती. बाजरी आणि नाचणीही नव्हत्या. एका तरुण ब्रुअरला विचारलं, तर तो म्हणाला, “काका, ते कोण पिणार?”

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. कारण बिअर हे मुळात धान्याचं पेय आहे. फळ, मसाला, कॉफी, हे सगळं त्यावरचं. महाराष्ट्राची म्हणून जी बिअर आपण गेली दीड दशकं घडवतो आहोत, तिचं अंग मात्र बहुतेक वेळा जर्मनीहून किंवा बेल्जियमहून आलेल्या माल्टच्या पोत्यातलं आहे.

इथवर आलो तेही सोपं नव्हतं. 2009 साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी पुण्याच्या दक्षिण टोकाला कोरिंथियन्स क्लबात ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू केली. सोबत ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर होता. नाव देवळालीवरून घेतलेलं. मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकलेले गोरे सोजीर वेडेपिसे व्हायचे, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ असा शब्दप्रयोग पडला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. नाशिकजवळचं एक गाव इंग्रजांच्या बोलीत वेडाचा शब्द होऊन गेलं आणि शंभरेक वर्षांनी पुण्यात बिअरचं नाव होऊन परत आलं, हे मला फार आवडतं. त्या काळी बहुतेक पुणेकरांना बिअर म्हणजे हिरव्या-तपकिरी बाटलीतली, बर्फासारखी थंड केलेली आणि शक्यतो ‘स्ट्राँग’. गढूळ, केळ्या-लवंगेचा वास येणारी गव्हाची बिअर पहिल्यांदा समोर आली, तेव्हा माझ्या टेबलावरच्या एकाने ती खराब झाली म्हणून परत पाठवली होती. तो वास यीस्टचा असतो, त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, हे आम्हाला कळायला दोन वर्षं गेली.

मग वाट मोकळी झाली. 2014च्या आसपास पुण्यात ‘इंडिपेन्डन्स’ आलं, ‘एफिंगट’ आलं. मुंबईत ‘बार्किंग डिअर’ आणि डोंबिवलीत बिअर गाळून शहरभर पाठवणारं ‘गेटवे’. बेंगळुरूचं ‘टॉइट’ पुण्या-मुंबईत उतरलं. आणि नकुल भोसले यांचं ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’, ज्याचं नावच ‘महाराष्ट्र’चं सरळ भाषांतर आहे. या मंडळींनी इथल्या मातीची चव पेल्यात आणायची असं ठरवून काम केलं, आणि त्याचा सगळ्यात चांगला परिणाम कोकमात दिसला.

कोकमावर थोडं थांबायला हवं, कारण फळाच्या बिअरला सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. जर्मनीत गोस्लार आणि लायपझिग भागात ‘गोझं’ नावाची आंबट-खारट गव्हाची बिअर जुनी आहे. तिच्यात मीठ असतं, धणे असतात. दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंच्या भावंडांना धान्याच्या गोड काढ्यात एक-दोन दिवस वाढू द्यायचं, आम्ल तयार झालं की उकळून त्यांना थांबवायचं आणि मग यीस्ट घालायचं, अशी तिची आज रुळलेली रीत. आता आपलं कोकम सरबत आठवा: आंबट, मीठ, जिरं. या दोन गोष्टी इतक्या नैसर्गिकपणे एकमेकींत बसतात की चांगली खारट कोकम बिअर पिताना कुणी काही बाहेरून घातलंय असं वाटतच नाही. इथे फळाने बिअरची रचनाच आत्मसात केली आहे. आंबटपणा, मीठ आणि धान्य तिन्ही एकाच वेळी बोलतात. ही आपल्याकडची खरी निर्मिती आहे, असं मी मनापासून म्हणेन.

हापूसबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आंब्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो थोडा वास आणि थोडी आंबट-तुरट छटा. हे सोसून, रस किती आणि कधी घालायचा याचा हिशेब करून केलेली आंबा बिअर नाजूक असते, क्वचित मिळते. बहुतेक ठिकाणी मिळते ती नंतर गोड केलेली. दुसऱ्या घोटापासून ती बाटलीतल्या ‘माझा’ची आठवण करून देते. जांभळाचंही तेच होतं. गिऱ्हाईक खूश होतं, फोटो सुंदर येतो, पण त्या पेल्यात ब्रुअरची कला कुठे आहे ते शोधावं लागतं.

फळ इतकं सोयीचं का आहे? कारण ते शेवटी पडतं. हजार लिटरची साधी गव्हाची बिअर केली, त्यातली शंभर लिटर वेगळी काढली आणि तिच्यात जांभूळ घातलं. नाही जमलं तर एक-दोन केग वाया. धान्याचा निर्णय मात्र पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला घ्यावा लागतो. तो चुकला तर आख्खी टाकी गटारात. ज्याच्या डोक्यावर भाडं आणि परवान्याचं शुल्क आहे, तो टाकीचा जुगार खेळत नाही.

आणि या धंद्याच्या बातम्या कुणाला जुगार खेळायची हिंमत देतील अशा नाहीत. 2017 साली महामार्गापासून 500 मीटरच्या आतल्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि ठिकठिकाणचे नळ एका रात्रीत बंद झाले. 2020च्या टाळेबंदीत ताजी बिअर टाक्यांमध्ये अडकली. पाश्चराइज न केलेली बिअर थांबत नाही, ती ओतून द्यावी लागली. पुढे बाटल्या भरून घरी न्यायची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे जीव वाचला. 2025च्या जूनमध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. परमिट रूममधला व्हॅट त्याआधीच 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर गेला होता, परवाना शुल्कही वाढलं होतं. 14 जुलैला राज्यभरातल्या बार आणि परमिट रूमवाल्यांनी बंद पाळला. बिअर त्या शुल्कवाढीतून सुटली, पण बिअर पाजणारी जागा त्याच करांवर चालते. मोठ्यांचंही बघा. ‘बिरा’ने कंपनीच्या नावातून ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द काढला, तर राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली आणि विक्री कित्येक महिने खोळंबली. हीच कंपनी 2021 साली कोकम सॉर आणि मँगो लस्सी या नावाच्या बिअर बाजारात आणत होती. एका शब्दाने इतकी मोठी गाडी रुळावरून घसरते, तिथे पंचवीस माणसांच्या टॅपरूमने काय करावं?

तरीही धान्याचा प्रश्न पैशावर ढकलून देता येत नाही. जूनच्या त्याच निर्णयात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा एक वेगळा वर्ग सरकारने तयार केला, इथल्या उत्पादकांनी धान्यापासून केलेल्या मद्यासाठी. म्हणजे धान्याला जागा आहे. पण ऊर्ध्वपातनाच्या नळीतून गेलं की धान्याचा फारसा मागमूस राहत नाही. ते ज्वारीचं होतं की तुकडा तांदळाचं, हे जिभेला कळत नाही. धान्याची चव राखून ठेवणारं पेय बिअर आहे, आणि तिच्यासाठी असा विचार कुणी केलेला नाही.

इथे एक गोष्ट बाजूला सारून चालणार नाही. 2007 साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण राज्याने आणलं, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्या माणसांनी त्याला कडाडून विरोध केला. लोकांच्या ताटातलं धान्य दारूसाठी का, हा त्यांचा प्रश्न मला आजही खरा वाटतो, आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मीही पाहिली आहेत. म्हणून मी अनुदान मागत नाही, कारखानेही मागत नाही. एक लिटर बिअरला साधारण 200 ते 250 ग्रॅम धान्य लागतं. हजार लिटरच्या एका घाण्यात निम्मी ज्वारी घातली तर एक-सव्वा क्विंटल. मंगळवेढ्याच्या एका शेतकऱ्याने वेगळी काढून ठेवावी आणि त्याला तिचा चांगला भाव मिळावा, एवढीच ती गोष्ट आहे.

आता ते करायचं कसं? माल्ट हा शब्द परका वाटतो, पण ज्या घरात बाळाला नाचणीचं सत्त्व दिलं गेलं त्या घराला माल्ट ठाऊक आहे. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं जागी होतात की ती पिष्टाची साखर करतात. सातूच्या दाण्यात ही द्रव्यं भरपूर असतात, आणि त्याचा पिष्ट साठ-पासष्ट अंशांच्या आसपास फुलतो, म्हणजे ती द्रव्यं जिवंत असतानाच. ज्वारीचा पिष्ट फुलायला जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत तिची मुळातच कमी असलेली द्रव्यं मरून जातात. म्हणून ज्वारी वेगळी शिजवावी लागते, आणि मग ती थंड करून सातूच्या घाण्यात मिसळावी लागते. दुसरी अडचण सालीची. सातूला साल असते. तिचाच थर चाळणीसारखं काम करतो आणि त्यातून गोड काढा निथळतो. ज्वारी-बाजरी उघडी धान्यं, त्यांचा चिखल होऊन बसतो. तिसरी गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक आहे: कोवळी ज्वारी गुरांना बाधते. तिच्यातलं विष ज्वारीच्या मोडातही उतरतं, म्हणून वाळवल्यावर मोड चोळून झाडून टाकावे लागतात.

ही कामं कठीण आहेत, अशक्य नाहीत. नायजेरियाने 1988 साली सातूच्या माल्टची आयात बंद केली. तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारी आणि मक्यावर बिअर करायला शिकावं लागलं, आणि त्या शिकल्या. दक्षिण आफ्रिकेत घरोघरी ज्वारी-मक्याची आंबट बिअर शतकानुशतकं होते आहे. आपल्याकडे तर मालदांडीसारखं वाण आहे, पांढरं, गोडसर, कमी तुरट. सोलापूरकडची माणसं भाकरीच्या वासावरून ज्वारी कुठल्या रानातली ते सांगतात. ही जीभ बिअरच्या कामी का येऊ नये?

मधाच्या बाबतीत हे घडलं आहे, म्हणून मला आशा वाटते. पुण्यातल्या ‘मूनशाइन’ने मधाचं आंबवलेलं पेय पहिल्यांदा बाजारात आणलं, आणि नाशिकच्या योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी आपल्या ‘सेराना’ला नावच सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून दिलं. तिथे संत्र, डाळिंब वगैरे असतंच, पण बोलणं मधापासून सुरू होतं. बिअरवाल्यांचं बोलणं मात्र धान्यापासून सुरू होत नाही. फळ्यावर फळ लिहिलेलं असतं, हॉप्सचं नाव असतं, अल्कोहोलची टक्केवारी असते. धान्य कुठलं आणि कुठून आलं, हे मी पुण्यात क्वचितच वाचलं आहे.

महोत्सवांनी हे बदलायला हवं होतं. मी गेलो तिथे बिअर प्लॅस्टिकच्या पेल्यात, कोमट, फेस पडून गेलेली मिळत होती. नळापाशी उभी असलेली मुलं भाड्याने आणलेली. काय पितोय हे विचारलं तर त्यांना सांगता येत नव्हतं. ब्रुअर मागे तंबूत होते. गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की दोन माणसांना चवीबद्दल बोलणं शक्य नव्हतं. आणि चवीबद्दल बोलायला मराठीत शब्द नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी स्वयंपाकघरात उभं राहून ऐकलेलं नाही. खमंग, खरपूस, करपट, तुरट, उग्र, आंबूस, मिळमिळीत, कढत तुपाचा वास, ओल्या मातीचा वास, शेंगा भाजल्याचा वास. काळ्या स्टाउटला ‘खरपूस’ इतका अचूक शब्द मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत माहीत नाही.

ज्या ब्रुअरने “कोण पिणार?” म्हटलं होतं, त्याच्याकडे मी फेब्रुवारीअखेर पुन्हा गेलो, दहा किलो मालदांडी घेऊन. मोड कुणी आणून देणार नव्हतं, म्हणून ती कच्चीच भरडून शिजवली आणि गाळण्यासाठी भाताचं तूस मिसळलं. पहिल्या खेपेला तूस कमी पडलं, काढा अडला, आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत उलथन्याने चिखल हलवत बसलो. दुसऱ्या खेपेला निथळला. तीन आठवड्यांनी प्यायलो तेव्हा अंगाने पातळ होती, फेस टिकत नव्हता. पण शेवटच्या घोटानंतर टाळूवर तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीची ऊब आली, आणि त्याने पेला खाली ठेवून पुन्हा उचलला. मंगळवेढ्यात तेव्हा खळी चालू होती. आता त्याला नव्या सुगीची एक क्विंटल हवी आहे, आणि मोड आणून वाळवायला कुठली गच्ची मिळते ते आम्ही शोधतो आहोत.