विषय, आशयसूत्र आणि ‘परिपूर्ती’

ललित निबंधाचे आशयसूत्र कोणते, असे पदवीच्या वर्गात विचारले की उत्तर बहुधा एखाद्या नामाच्या रूपाने येते : ‘मातृत्व’, ‘निसर्ग’, ‘एकाकीपणा’. या नामाने विषयाचा निर्देश होतो, आशयसूत्राचा नव्हे. विषयासंबंधी संहिता आपल्या रचनेतून जे विधान सूचित करते, ते आशयसूत्र होय. विधान संहितेवर पारखून घेता येते. नामाची अशी पारख संभवत नाही.

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (संग्रह, १९४९) हा निबंध या दृष्टीने उद्बोधक आहे. सभेत निवेदिकेची ओळख थोर सासऱ्यांची सून, नामवंत पतीची पत्नी अशा नात्यांनी करून दिली जाते. त्या ओळखीत काहीतरी उणे असल्याचे तिला जाणवत राहते. पुढे रस्त्यावरची मुले आपल्या वर्गमित्राची आई म्हणून तिच्याकडे निर्देश करतात, तेव्हा ती ओळख पुरी होते.

घाटकोपर-मुलुंडच्या परिसरातील विद्यार्थी या शेवटाशी अडखळत नाहीत. चाळीत काय किंवा सोसायटीत काय, ‘अमक्याची आई’ हेच स्त्रीचे रूढ नाव असते. हा परिचयच विश्लेषणाच्या आड येतो. काहींना येथे मातृत्वाचा गौरव दिसतो. स्त्रीवादी परिभाषेशी परिचित असलेल्यांना दुय्यमत्वाचा निषेध दिसतो. दोन्ही उत्तरे संहितेत शिरण्यापूर्वीच सिद्ध झालेली असतात.

वस्तुतः विश्लेषणाचा आरंभ विसंगतीपासून व्हावयास हवा. ‘परिपूर्ती’ हा भारदस्त शब्द आणि रस्त्यावरच्या पोरांचा सहजोद्गार यांत मोठे अंतर आहे. शिवाय, आधीच्या नात्यांत निवेदिकेवर इतरांच्या मोठेपणाचा प्रकाश पडतो. शेवटच्या नात्यातील मुलगा मात्र कोणी थोर नाही. येथे उसना मोठेपणा नाही, हे गौरववादी वाचनाला बळ देते. परंतु ही ओळखही पुरुषनात्यातूनच येते, आणि मानवशास्त्रज्ञ म्हणून स्वतः मिळविलेली प्रतिष्ठा पूर्णतेसाठी पुरी पडत नाही. म्हणून आशयसूत्र असे मांडावे लागते : नात्यांनी बांधलेल्या ओळखीचे अपुरेपण जाणणारी स्त्रीही त्याच बांधणीतील एका नात्यात खरेखुरे समाधान अनुभवते. हे समाधान उपरोधिक की निर्व्याज, हा प्रश्न निबंधाच्या सुरावर अवलंबून आहे. तो मिटविण्याची घाई विद्यार्थ्याने करू नये, आणि अध्यापकाने तर मुळीच करू नये.

अध्यापनात म्हणूनच एक साधी शिस्त उपयुक्त ठरते. विद्यार्थ्याने आशयसूत्र एका पूर्ण वाक्यात लिहावे आणि त्या वाक्याला सर्वाधिक अडचणीत आणणारा तपशील संहितेतून स्वतःच शोधावा. तयार उत्तरांच्या पुस्तिका पहिले काम करून देतात. दुसरे त्यांना साधत नाही. ज्या विद्यार्थिनीची आई इमारतीत तिच्याच नावाने ओळखली जाते, तिला या दुसऱ्या कामात केवळ निबंधच नव्हे, आपले घरही नव्याने वाचावे लागते.